दगडावर राहिलेल्या चार ओळी

काशिनाथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात, माझ्या मालकांच्या तेराव्याच्या दिवशी. मालक त्यांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. काविळीनं गेले. अप्पांनी त्यांचा चष्मा आणि खिळे लावायची पट्टी फडक्यात बांधून आणली होती. बसले, पाणी घेतलं आणि सासूबाईंना न विचारता सरळ मला विचारलं, "वाचता येतं का?"

मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले, आता अडखळते.

"खिळा उलटा असतो. सरळ वाचायची फार सवय नसलेली बरी," अप्पा म्हणाले. तेरा दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण त्या हसल्या होत्या हे मी पाहिलं.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या रंगवल्या जात होत्या, कागदांवर 'जिल्हा उस्मानाबाद'च्या जागी 'जिल्हा लातूर' छापून हवं होतं. ते शब्द दर वेळी नव्यानं जुळवायला नकोत म्हणून मालकांनी एकदाच जुळवून दोऱ्यानं आवळून ठेवले होते. मी मालकांच्या जागी कामाला लागले तेव्हा ती दोऱ्याची गाठ रोज माझ्या हाताखालून जायची. अप्पांनी पुढे ठसा करून आणला, पण जुनी ओळ सोडवून खिळे खणांत टाका असं मला कधीही सांगितलं नाही. ती माझ्याकडे अजून आहे.

वाचायला मी तिथंच शिकले. अप्पांचं साप्ताहिक दर गुरुवारी निघायचं. मी जुळवलेला मजकूर ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि शेवटी विचारायचे, यात काय सांगितलंय? सांगता आलं नाही तर म्हणायचे, मग लिहिणाऱ्यालाच कळलं नसेल, आणा इकडे. त्यांचं अक्षर भयंकर आणि राग त्याहून. दोन्ही आजही तसेच आहेत, हे त्यांच्याच या गौरवग्रंथात लिहिलं म्हणून ते रागावतील.

आता ज्यासाठी हा लेख लिहिते ते सांगते. पुढे दुष्काळाची वर्षं आली. त्याच दिवसांत समुद्रापलीकडच्या एका लहान देशात गोंधळ माजला होता. लोक रस्त्यावर, सरकार कोसळलेलं. एका बड्या देशानं आतून पैसा आणि हत्यारं पुरवून ते पाडलं, असा संशय होता. अप्पा रेडिओ ऐकून अशा बातम्या लिहीत. आमचे वाचक निलंग्याचे, लोह्याचे, पण जगात काय चाललंय ते त्यांना हवं असे. अप्पांनी मथळा दिला, 'सरकार पाडण्यामागे परका हात', आणि बातमीच्या शेवटी चार ओळी लिहिल्या. हा अजून आरोप आहे, बड्या देशानं तो नाकारला आहे, पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही, मिळाला तर छापू.

अंक मशीनवर चढायचा त्या दिवशी अप्पा दौऱ्यावर होते. ऐन वेळी तहसिलातून टँकरचं वेळापत्रक आलं. ते छापणं भागच होतं. जागा नव्हती. छापखान्याची रीत अशी की मजकूर जास्त झाला की खालून ओळी उचलायच्या. मी त्या चार ओळी उचलून दगडी टेबलावर ठेवल्या आणि पानाचा फर्मा आवळला. बातमी पुरी झाली असंच मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ अंक घेऊन छापखान्यात आला. माझं माहेर शिरूर अनंतपाळजवळ. गावची विहीर आटली होती. बोअर पाडायला परदेशी मदतीचं मशीन आलं होतं आणि त्यावरचा गोरा इंजिनिअर नेमका त्याच बड्या देशाचा. दोन जागा कोरड्या गेल्या होत्या, तिसरीवर खूण केली होती. गावकऱ्यांनी पारावर अंक वाचला आणि मशीनच्या वाटेत बैलगाड्या आडव्या लावल्या. दुसऱ्याचं सरकार पाडणारे आपल्या शिवाराचे नकाशे कशाला काढतात, असं सरपंच म्हणत होते. उद्या दुपारपर्यंत वाट मिळाली नाही तर मशीन यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होतं.

अप्पा दौऱ्यावरून परतले होते. मी त्यांना सांगितलं, चार ओळी मी उचलल्या. नोकरी जाईल ही भीती होती आणि माहेरचं पाणी माझ्या हातानं तोडलं ही त्याहून मोठी. अप्पांनी एवढंच विचारलं, ओळी मोडल्या का? त्या दगडावर तशाच होत्या. त्यांनी मला त्या वेगळ्या छापायला लावल्या, शंभर चिठ्ठ्या. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो.

पारावर अप्पांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि एक स्वतः वाचून दाखवली. म्हणाले, शेवटचं प्रूफ न बघता मी अंक सोडला, चूक माझी. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एक म्हातारबाबा म्हणाले, "ह्यो गोरा आमचं सरकार पाडून काय करील? ग्रामसेवक महिन्याला येकदा दिसतो. पाडायचाच तर त्याला पाडा म्हणावं." लोक हसले, पण गाड्या हलल्या नाहीत.

सरपंच म्हणाले, "अप्पा, मग लिहून द्या. त्या देशाचा हात न्हाई म्हणून."

एवढं लिहिलं असतं तर वाट तेव्हाच मोकळी झाली असती. दुपार होत आली होती. माझ्या मनात आलं, द्या की लिहून, कोण विचारतंय.

"ते बी मला माहीत न्हाई," अप्पा म्हणाले. "हात असंल, नसंल. शंका त्या सरकारावर हाय. ह्या माणसावर कुणी काय म्हणलेलं न्हाई. येवढंच मला माहीत हाय, येवढंच लिहून देतो."

मागं घागरी घेऊन बसलेल्या बायकांतून माझी वहिनी म्हणाली, "पाणी पुढं असून बी ज्याला खोटं लिहवंना, त्याचं ऐका की." सरपंचांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि पहिली गाडी स्वतः बाजूला घेतली.

तिसऱ्या जागेला पाणी लागलं. कमी, पण लागलं. इंजिनिअरला यातलं काही कधी कळलं नाही. लोक कंटाळून उठले असं त्याला वाटलं असावं. त्याला भाषा येत नव्हती आणि अप्पांना त्याची, म्हणून माफी राहून गेली. ते अप्पांना आजही बोचतं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, "अंकावर संपादकाचं नाव छापतात ते कशाला?" पुढच्या गुरुवारी त्या चार ओळी पहिल्या पानावर, त्याच जागी, त्या मथळ्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत आल्या. वर्षभर त्यांनी त्या बातमीचा माग ठेवला. काही आरोप खरे निघाले, काही हवेत राहिले. दोन्ही छापले. आणि आमच्याकडे तेव्हापासून ओळी उचलायच्या त्या मधून.

अप्पा पंचाहत्तर वर्षांचे झाले. मला दोन पानांची मर्यादा आहे. मजकूर जास्त झाला तर मधलं काहीही उचला, माझं वाचायला शिकणंसुद्धा. या खालच्या ओळी मात्र राहू द्या. अप्पांना उदंड आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, गोळ्या वेळेवर घेतल्या जावोत. आणि मी लिहीन त्याचं शेवटचं प्रूफ पुष्कळ वर्षं त्यांनीच बघावं.

— गिरजाबाई, लातूर