खिडकी काळीच राहिली

दादा आखातात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. जाताना आईने त्याला खूप अडवलं होतं. तिथल्या वर्कशॉपात त्याच्या हाताला लागलं, तेव्हा फोनवर तो एवढंच म्हणाला, "खरचटलंय जरा." आईचा विश्वास बसेना. दीड महिना तिने धोशा लावला होता, "मला त्याचा हात बघायचाय."

मी तेव्हा रत्नागिरीत एका वकिलांकडे टायपिंग करायचे. ऑफिसच्या खालीच सायबर कॅफे होता आणि तिथल्या एका कॉम्प्युटरला कॅमेरा होता. शुक्रवारी दादाला सुट्टी असायची. खोलीतल्या मित्राचा कॉम्प्युटर त्याला तासभर मिळणार होता, आपल्याकडचे तीन ते चार. आई जयगडहून सकाळच्या एसटीने आली. कानात कुड्या घालून आली होती.

तीनला पाच मिनिटं असताना आम्ही बसलो. मी चॅटच्या यादीत दादाचं नाव शोधतेय तोच स्क्रीनच्या कोपऱ्यात एक सूचना आली आणि वाचायच्या आत सगळं बंद झालं. मग निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

"काका, हे काय झालं?" मी कॅफेवाल्यांना विचारलं.

"आपोआप येतं हो ते. मी काही केलं नाही. आता मध्येच बंद केलं तर मशीनच जाईल."

"किती वेळ?"

"काय सांगू?"

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा सरकायचा, मग थांबायचा. आई दर दोन मिनिटांनी उठून दारापर्यंत जाई, परत येऊन बसे. "तो तिकडे वाट बघत असेल. बंद कशाला केलंन मशीन?" दुसऱ्या कॉम्प्युटरला कॅमेरा लावून पाहा, म्हणून मी काकांच्या मागे लागले. तो लावला, तर त्या मशीनला तो ओळखूच येईना.

पावणेचारला एकदाचं सुरू झालं. दादाचं नाव होतं! मी कॅमेरा जोडला. चित्राची खिडकी उघडली, पण काळीच राहिली. आवाजही येईना. काका म्हणाले, "या अपडेटनंतर काहीतरी अडवतंय." आमच्याकडे दहा मिनिटं उरली होती आणि चालत होतं ते फक्त लिहिणं.

"आई आलीय. चित्र दिसत नाही. लिही," मी लिहिलं.

इंग्रजी अक्षरांत त्याचं मराठी उमटू लागलं. कशी आहेस, पाऊस थांबला का. दोन शब्द यायला मिनिट लागत होतं. आईला ती लिपी वाचता येत नव्हती, पण ती पडद्याकडे एकटक बघत होती.

"एवढा हळू कशाला लिहितो?" तिने विचारलं.

"नेट हळू असेल."

"तुझं तर चटकन जातंय. विचार त्याला, कुठल्या हाताने लिहितोस."

मी विचारलं. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, गेला तो. मग आलं: डाव्या.

मी वाचून दाखवलं. आईने माझं मनगट धरलं. "उजव्याला काय झालंय, खरं सांग म्हणावं."

याही वेळी उशीर झाला. मग एकेक अक्षर करत आलं: दोन बोटं गेली. तिला सांगू नकोस.

हे मी वाचून दाखवलं नाही. पण आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "किती?"

"दोन."

तिने मान हलवली. रडली नाही. "लिही," म्हणाली, "जेवतोस का नीट, ते विचार." मी लिहीपर्यंत त्याचं नाव पुसलं गेलं होतं. तास संपला होता.

एप्रिलात दादा आला. पहिल्या जेवणाला आई त्याच्या भाकरीचे तुकडे करायला पुढे झाली. "जमतं मला," तो म्हणाला आणि उजव्याच हाताने सावकाश जेवला. ती शेवटच्या घासापर्यंत समोर बसून राहिली, मग परसदारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

जूनमध्ये तो परत गेला. या वेळी आईने त्याला अडवलं नाही.