सिकलचा वाटा

दरवर्षी दहावीच्या वर्गात मी अर्धगुणसूत्री विभाजन शिकवते आणि दरवर्षी अर्ध्या तासात माझा घसा बसतो. गुणसूत्रांच्या जोड्या असतात, जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. बीज तयार होताना ती जोडी आपापसांत तुकडे बदलते, मग फुटते, आणि बीजात त्यातलं एकच उतरतं. कोणतं, ते कोणाच्या हातात नाही. म्हणून तर एकाच आईबापाची लेकरं सारखी निघत नाहीत. पोरं हे लिहून घेतात, परीक्षेत ओकतात आणि विसरतात.

मला विसरायची सोय नाही. मी खुर्चीवर बसून शिकवते, कारण मला सिकलसेल आहे. आईच्या जोडीत एक गुणसूत्र खराब, बाबांच्याही जोडीत एक खराब, दोघंही धडधाकट. माझ्या नशिबी नेमकी ती दोन्ही आली. धाकट्या भावाला एकच आलं, तर तो गडी सोयाबीनचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेतो. मला थंडीत शाळेचा जिना चढवत नाही. सांधे असे काही ठणकतात की बाईंच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द निघतात. कंटाळा आला आहे मला या अंगाचा, खरंच कंटाळा आला आहे.

भावाचं लग्न ठरलं ते मामाच्या पोरीशी. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात कोणी विचार करत नाही. मी म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. आईनं मला असं झापलं की विचारू नका. घरचीच पोरगी, तिचं रक्त कायले तपासायचं? अगं बाई, घरची म्हणूनच तर! तुझ्याकडे जे आहे ते तुझ्या भावाकडे असू शकतं, त्याच्याकडून त्याच्या पोरीकडे. पण घरातल्या मास्तरणीचं ऐकतं कोण. झालं तसंच. त्यांची थोरली माझ्यासारखी निघाली. आता पाच वर्षांची आहे. दुखायला लागलं की ती रडत नाही, गुमान माझ्याजवळ येऊन बसते, आणि मला ते बघवत नाही.

थोरलीचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की अशा जोडप्याच्या चार लेकरांत एकाला हा आजार होऊ शकतो. आमच्या घरानं त्याची शेतासारखी वाटणी करून टाकली. चार वाटे, त्यातला एक सिकलचा, तो थोरलीनं उचलला. आता पुढचे तीन वाटे चोख. या हिवाळ्यात भावजयीला पुन्हा दिवस गेले तशी आई खुशीत दुपटी शिवायला बसली. तपासणीचं नाव काढलं की भावजय हसायची. आपला एक होऊन गेला ना ताई, म्हणायची. मी समजावून समजावून थकले. आईबापाच्या गुणसूत्रांची चौकट काढून दाखवली, तर त्यातली चार घरं मोजून ती पुन्हा तेच म्हणाली.

शेवटी एका दुपारी मी चिंचोके फोडले. लहानपणी आम्ही खेळायला फोडायचो तसेच, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे. एक चिंचोका तिचा, एक भावाचा. पांढरी बाजू वर पडली तर खराब गुणसूत्र लेकरात उतरलं. दोन्ही पांढरे पडले तर लेकरू आजारी. तिनं दोन्ही टाकले. पांढरे पडले. ही थोरली, असं म्हणून तिनं पुन्हा टाकले, तर पुन्हा दोन्ही पांढरे. तिला वाटलं मी काहीतरी लबाडी केली. मग ती एकटीच टाकत बसली, कधी काळे, कधी मिसळ, कधी पांढरे. मी एवढंच म्हटलं की मागच्या वेळी काय पडलं होतं ते चिंचोक्याला माहीत नसतं. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं विचारलं, ती तपासणी कुठे होते.

नागपूरला होते. तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक तुकडा काढून तपासतात. आजारी निघालं तर ठेवायचं की नाही, ते आईबापानं ठरवायचं. पहाटेच्या बसनं आम्ही तिघं गेलो. भाऊ चहा आणायला खाली गेला आणि आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. तिथे माझ्या ध्यानात आलं की मी हिला कशासाठी आणलं आहे. माझ्यासारखं लेकरू या घरात पुन्हा येऊ नये म्हणून.

तिच्याही मनात तेच असावं. लग्नानंतर ती मला अहोजाहो करते, पण तेव्हा मामाच्या अंगणातल्यासारखी बोलली.

"खरं सांग. आपण जन्मालेच आलो नसतो तं बरं होतं, असं तुले वाटते का कधी?"

"दुखून राह्यलं तं वाटते," मी म्हणाले. "थांबलं तं नाही वाटत."

"आता दुखून राह्यलं?"

बसनं गुडघ्यांचं भरीत केलं होतं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर ती पिशवी उचलून घरी निघाली असती, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हो," मी म्हणाले.

तिनं चार लोकांदेखत माझे पाय मांडीवर घेतले आणि दाबत बसली. आतून हाक आली तेव्हा तिनं ते हळूच खाली ठेवले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी माझ्याच विरुद्ध साक्ष देऊन बसले होते. भाऊ चहा घेऊन आला आणि विचारू लागला की ताई, तू काहून रडून राह्यली.