हात लावू नका

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, आई आणि मी. त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई सायकलवरून आला होता. "सरांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत..." एवढंच तो बोलला. आई तशीच कुसुमकडे निघाली. मी मात्र कुणी पाहिलं, जवळ कोण होतं, अशी चौकशी करत राहिलो. मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो. पडताळून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवयच झाली आहे. दाजींनाही मी कायम तसंच तपासत आलो.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. आमचा घरचा धंदा चपला करायचा, आणि ते कुरुंदवाडच्या ब्राह्मण घरातले, कुसुमला कॉलेजात शिकवणारे. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. त्यांच्याकडून फक्त दोन मित्र आले. सभेत समतेवर बोलायचं आणि घरी आमच्यासाठी वेगळा पेला ठेवायचा, अशी माणसं मी पाहिली होती. हेही त्यातलेच निघाले तर कुसुमचं काय, ही शंका पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होती.

त्यांचं संशोधन गव्हाच्या कोंभावर चाले. पेशीत प्रथिनं कशी तयार होतात, हा विषय. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आई, चपलेचा मूळ नमुना कपाटात असतो आणि कारागिराला पुठ्ठ्याची नक्कल मिळते ना? तसा पेशीत आरएनए. ती नक्कल फाटली की पुढं चप्पल होत नाही." आईला ते चटकन समजलं. मला वाटलं, हा माणूस गोड बोलतो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आई प्रयोगशाळेत त्यांचा डबा घेऊन गेली. टेबलावर काचनळ्या मांडलेल्या होत्या. जावयाला तेवढीच मदत म्हणून ती पदरानं त्या पुसायला लागली. तेवढ्यात दाजी आले आणि ओरडले, "हात लावू नका!" आई डबा ठेवून तशीच घरी आली. "माझ्या हाताला काय इख लागलंय व्हय?" म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. कुसुमला परत आणायचंच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. कुसुमही तिथंच होती.

"तुमचा हात चालतो आणि आमच्या आईचा चालत नाही?"

"माझाही चालत नाही, अण्णा. बोटांच्या घामानं आरएनएचे तुकडे होतात. कुणाच्याही घामानं."

"असं सगळेच सांगतात."

ते चिडले. "मग आईंना घेऊन या. तुमच्या डोळ्यांदेखत बघू."

मी आईला घेऊन आल्यावर त्यांनी तीन नळ्यांत यीस्टमधून काढलेल्या आरएनएचं पाणी घेतलं. एका नळीला कुणी हात लावला नाही. दुसरीत आईनं बोट बुडवलं, तिसरीत त्यांनी. खुणेच्या चिठ्ठ्या मी माझ्या हातानं चिकटवल्या आणि चहालाही न उठता समोर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी तिन्हींत गार ॲसिड घातलं. न शिवलेली नळी ताकासारखी पांढरी झाली. बाकीच्या दोन्ही जवळजवळ नितळ राहिल्या. "आरएनए शाबूत असला तरच असा साका दिसतो," ते म्हणाले.

आईनं दोन्ही नळ्या निरखल्या. "म्हंजे बामनाचा घाम आन् आमचा घाम येकच की!"

"एकच, आई."

"मग वरडला कशाला? नीट सांगायचं की. तोंड हाय न्हवं?"

दाजींनी कान धरले. मी मात्र म्हणालो, "परत करून दाखवा, या खेपेला माझं बोट घ्या." तेव्हा कुसुम म्हणाली, "अण्णा, मला घरी न्यायला तुला अजून किती नळ्या लागणार आहेत?"

मी कुसुमला न घेताच आईबरोबर परतलो. पण नळीनं घामाचं सांगितलं होतं, मनाचं नव्हे... दर दिवाळीत दाजी कुरुंदवाडला एकटेच जात. कुसुमला का नेत नाही विचारलं, तर कधी तिकडच्या आईची तब्येत, कधी एसटीचे हाल. तिथं जाऊन हे पुन्हा सोवळ्यात बसत असतील, असं मी धरूनच चाललो होतो.

दाजी वारल्यावर त्यांचे चुलतभाऊ आमच्याकडे भेटायला आले. म्हणाले, "लग्नानंतर त्याचं पान आम्ही ओसरीवर मांडायचो. काकू, म्हणजे त्याची आई, आतूनच वाढायला सांगायची. तो मुकाट्यानं जेवायचा, आपलं पान आपणच उचलायचा आणि दारातूनच आईला नमस्कार करून निघायचा. वहिनींवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांना आणत नव्हता."

"दर खेपेला ओसरीवरच?" मी विचारलं.

"दर खेपेला."

मी कुसुमकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. तिलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे कितीही पाहुणे असोत, दाजी बाहेरच्या खोलीत कधी जेवले नाहीत. स्वयंपाकघरात आईची शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक पाट मावतो, तिथं बसायचे. अंगावर फोडणी उडायची. "जावईबापू, भाईर बसा की, हितं जागा हाय का?" आई म्हणायची. "इथंच बरं वाटतं," म्हणत ते पाट आणखी पुढं ओढायचे. आमच्या पाहुण्यांच्या पंगतीला बसायला नको म्हणून हे चाललंय, असं मी समजत होतो.

तो पाट अजून तिथंच आहे. आई तो उचलू देत नाही. अंग चोरून त्याच्या कडेला बसते आणि भाकरी थापते.