तुमचे देव किती?

भिलाईत समुपदेशनाच्या पहिल्या प्रॅक्टिकलआधी मॅडमनी आम्हाला एकच नियम घोकवला होता: नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही. माझ्यासमोर कुम्हारीहून आलेली बाई नुसती गप्प. शेवटी आम्ही गोंड कुठल्याही नव्या माणसाला विचारतो तेच मी विचारलं, "तुमचे देव किती?"

"सात."

"आमचेबी सात!"

आमच्यात देवांच्या संख्येवरून कुळं ठरतात; देव सारखे म्हणजे आम्ही बहिणी. बाई अशी खुलली की थांबेचना, अन् मी नाचायचंच तेवढं बाकी ठेवलं.

शेजारी बसून ऐकणाऱ्या मॅडमनी फाईल मिटली. "बहीण निघाली ना? आता दुसरी घे."

दुसरीही गोंडच. ती बसायच्या आतच मी ओरडले, "मावशी, देव सांगू नका!"

ती हसली. "मंग तुयासंग बोलू कायले?"