मापावरची शीग

लढाईच्या काळात शहापुरात रेशनचं दुकान झालं आणि आमचे तांदूळ मापावरून तागडीवर आले. रांगेत विणकराघरची एक म्हातारी नेहमी माझ्यापुढं असायची. नाव कधी विचारलं नाही. तोलून दिलेले तांदूळ ती तिथंच उकिडवी बसून घरच्या पितळी मापट्यात ओतायची आणि मागावरच्या कापडावरून फिरवावा तसा त्यांवरून तळवा फिरवायची. पूर्वी वाणी मापावर शीग चढेपर्यंत ओतायचा. आता तांदूळ काठाशीच थांबायचे. तिच्यापायी रांग खोळंबायची आणि मी चरफडायचो.

एकदा दुकानदार वैतागला. "आक्का, वजन बरोबर हाय. गुंजभर बी कमी न्हाय."

"व्हय रं, तुझं बरोबरच हाय," ती म्हणाली. "पर मापातलं आमचं, वरची शीग दारी जोगवा मागाय येणाऱ्या जोगतिणीची. तागडीत तिचं कुठं हाय?"

तिनं मापट्यातनंच एक मूठ काढून पदराच्या टोकाला बांधली, उरलेले तांदूळ पिशवीत ओतले आणि उठली.

माझी पाळी आली. मी पिशवी पुढं केली. मंगळवारी जोगतीण आमच्याही दारात यायची.