दोन इंजिनं, एक नंबर

इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर मी पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. खाली ठोकलेला आकडा दिसला. ०.७५. दुसऱ्या सिलिंडरचा थर काढला. तिथेही तेच. तिसरा मी फक्त खात्रीसाठी पाहिला.

"काय झालं मिस्त्री?" वर डेकवर उभ्या असलेल्या खलाशाने, धर्माने, विचारलं.

मी आकडा पुन्हा वाचला. हे इंजिन वर्षापूर्वी कोरं आणलेलं होतं. निदान सगळं नवापूर गाव तसं समजत होतं.

आधी आकड्याचा अर्थ सांगतो. डिझेल इंजिन खूप चाललं की सिलिंडर आतून झिजतो. मग तो मशीनवर घासून थोडा मोठा करतात आणि त्यात तितकाच मोठा पिस्टन घालतात. याला रिबोअर म्हणतात. किती मोठा ते पिस्टनवर ठोकलेलं असतं. पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर. कोऱ्या इंजिनात असा आकडा कधीच नसतो. पाऊणचा पिस्टन म्हणजे इंजिन बहुधा दोन-तीनदा मरून उठलेलं. वरून हिरवा रंग मारला म्हणून ते नवं होत नाही.

मी मूळचा माकुणसारचा. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एमआयडीसीत एका गॅरेजवर डिझेल मेकॅनिक होतो. किनाऱ्यावरच्या बोटींची कामं आमच्याकडे यायची. नवापुरात गावकऱ्यांनी एक मदत मंडळ काढलं होतं. मंडळाची स्वतःची बोट होती, पण ती मासेमारीला जायची नाही. समुद्रात कुणी अडकलं, कुणाचं इंजिन बंद पडलं, की ती निघायची. जाणारे खलाशी एक पैसा घ्यायचे नाहीत. त्या बोटीला नवं इंजिन घ्यायला घराघरातून वर्गणी निघाली होती. सुकी मच्छी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायकांनीही दिली होती.

मंडळाचे अध्यक्ष जनार्दन मास्तर. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं शिकवली. मंडळाची कल्पना त्यांची, वर्गणीला दारोदार फिरले तेही तेच. त्यांना कुणी हिशेब विचारला नाही. विचारायचं मनातच कुणाच्या आलं नाही.

चार दिवसांपूर्वी धर्माचा धाकटा भाऊ नामदेव दुसऱ्याच्या बोटीवर गेला होता. जाळं ओढताना दोरखंडात त्याचा पाय सापडला आणि गुडघ्याखाली चिरडला. तेच जाळं बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतलं, बोट जागेवर थांबली. जवळून जाणाऱ्या एका लहान होडीने किनाऱ्यावर निरोप आणला. समुद्र खवळलेला, जखमीला त्या होडीत उतरवणं शक्य नव्हतं. धर्मा आणि पाच जण मंडळाची बोट घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत इंजिन सीझ झालं. म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसला. मदतीला गेलेले सहा जण स्वतःच वाहत राहिले. परतणाऱ्या बोटींनी दोन्ही बोटी ओढून आणल्या तेव्हा दिवस गेला होता. मुंबईच्या इस्पितळात नामदेवचा पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणला असता तर प्रयत्न केला असता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या पिस्टनकडे बघत बसलो होतो. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला आणि मास्तरांना ठाऊक होती. इंजिन बसवलं तेव्हा मास्तर गॅरेजवर आले होते. म्हणाले, "प्रभाकर, फिटिंग माझ्या जावयाच्या माणसांनी फुकट करून दिलंय. तेवढी तपासणीची सही दे मंडळाच्या फाइलला." मी चहा मागवला आणि इंजिन न बघता सही केली. मास्तरांनी आणलेला कागद, त्यात बघायचं काय.

ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावर, ठोकलेला नंबर पाहिला. बोटाने चाचपला तर तो भाग खोलगट लागला. ग्राइंडर मारून जुना नंबर उडवलेला, वर नवा ठोकलेला. आकडे एका रेषेतसुद्धा नव्हते.

पालघरला इंजिनच्या विक्रेत्याकडे गेलो. त्याने बिलाची कार्बन कॉपी काढली. मंडळाच्या नावावर कोरं इंजिन गेलं होतं, आणि नंबर तोच. म्हणजे कुणीतरी कोऱ्या इंजिनाचा नंबर भंगारावर उतरवला होता. मग कोरं इंजिन कुठे?

फिटिंग ज्याच्या माणसांनी केलं, त्या मास्तरांच्या जावयाची बोट खाडीपलीकडच्या बंदरात असायची. धर्मा आणि मी भर दुपारी तिथे गेलो. बोटीवर एक खलाशी जाळं शिवत होता. मी म्हटलं, इंजिन बघायचंय, तसंच घ्यायचा विचार आहे.

"बघा की," तो कौतुकाने म्हणाला. "कोरं हाय. मागच्या साली बसवलं. एकदा पण त्रास नाय."

नंबर मी वाचला. बिलावरचाच. मग धर्माला वाचायला लावला. त्याने वाकून एकेक आकड्यावर बोट ठेवलं.

गॅरेजच्या मालकांना, शेठना, मी सांगितलं. शेठ म्हणाले, "तू इंजिन दुरुस्त कर आणि बाजूला हो. नवापूरचं सगळं काम मास्तरांच्या शब्दावर येतं."

"शेठ, माणसाचा पाय गेलाय."

"आणि तपासणीच्या कागदावर सही कुणाची आहे? आपल्या गॅरेजची. तुझी. सगळ्यात आधी तू अडकशील."

ते बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त संताप आला.

रविवारी देवळासमोर मंडळाची बैठक बसली. मी पिस्टन गोणपाटात गुंडाळून नेला आणि सतरंजीवर ठेवला. सुरुवात माझ्या सहीपासून केली. न बघता केली, हे सांगितलं. मग बाकीचं सांगितलं.

मास्तर शांत होते. "प्रभाकर, तुझ्या गॅरेजची चूक झाकायला माझं नाव घेतोस?"

लोक माझ्यावर उठले. "मास्तरांना बोलतो? बाहेरचा माणूस तू." एकाने मला खांद्याला धरून मागे ढकललं.

तेव्हा नामदेवची बायको यशोदा पुढे आली. "मास्तर, हा आकडा कसला हाय ते सांगा."

"मला इंजिनातलं काय कळणार, पोरी?"

"मग ज्याला कळतं त्याला बोलू द्या. आणि जावयाच्या बोटीवरच्या नंबरचं मिस्त्री खोटं सांगतो म्हणता, तर आता आमी सगळी जाऊन बघू. तुमी पण चला."

मास्तर उठले नाहीत. धर्मा म्हणाला, "मी बघून आलोय, मास्तर. माज्या डोळ्यांनी."

मग मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "जावयाचं इंजिन ऐन हंगामात गेलं. मुलगी रडत आली. त्याचंच जुनं नीट करून इथे बसवलं. मंडळाची बोट वर्षातून कितीदा निघते? या दिवाळीनंतर परत बदलणार होतो."

कितीदा निघते. एक पाय गेलेला माणूस इस्पितळात पडलेला असताना हा हिशेब. मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी हात मागे बांधून उभा राहिलो.

आठवड्याभरात कोरं इंजिन परत आलं. मंडळाच्या बोटीत ते मीच बसवलं, मजुरी न घेता. मास्तरांचं अध्यक्षपद गेलं. पोलिसांत जायचं नाही असं गावाने ठरवलं. म्हणे शिकवलंय त्यांनी. मी विरोध केला, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. नामदेव कुबडी घेऊन जाळी शिवायला बसू लागला. शेठनी मला काढलं नाही, पण वर्षभर नवापूरचं काम आलं नाही. दोन वर्षांनी शाळेने माजी शिक्षकांचा सत्कार केला, त्यात मास्तरांनाही शाल दिली. निमंत्रण मलाही होतं. मी गेलो नाही.

मंडळाने एक नियम मात्र केला. बोटीला नवीन काही बसवलं की बिल चार जणांनी हातात घ्यायचं आणि नंबर ताडून बघायचा. पुढे काम परत सुरू झालं तेव्हा त्या चौघांत मलाही घेतलं. मास्तरांनंतर अध्यक्ष झालेले गृहस्थ अगदी सज्जन होते. पहिल्यांदा नवा गिअरबॉक्स आला आणि आम्ही बिल मागितलं, तेव्हा त्यांना फार लागलं. म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही?"

मी म्हटलं, "आहे. बिल दाखवा."