सोललेलं खोड

बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी गल्लीत कोणी बोलताना अडखळलं की त्या म्हणतात, "वाक्य पूर्ण कर." जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. खोड वाकलं, खोड मोडली नाही.

त्या दिवशी त्या दूध घेऊन येत होत्या. घरासमोरच्या झाडाला गुंडाळलेला जाहिरातीचा पत्रा सुटून लोंबत होता. आत खोडाला साल नव्हती. चारही बाजूंनी, वीतभर रुंद, सुरीनं कापून सोललेली. वरच्या काठाला खोड सुजलं होतं.

पत्रा समोरच्या औषधाच्या दुकानाचा. दुकानदार बाईंचाच विद्यार्थी. धडा न समजताही घडाघडा म्हणायचा, म्हणून वर्गानं त्याचं नाव पोपट ठेवलेलं. झाडाच्या फांद्यांआड त्याची नवी पाटी दिसत नाही, हे रडगाणं सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

"हे कोणी केलं?" बाईंनी दुकानात जाऊन त्याला विचारलं.

"काय माहीत. पण वर बघा ना बाई, पानं कशी हिरवीगार आहेत. झाडाला काही झालेलं नाही."

"पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून हिरवी आहेत. पानांनी केलेलं अन्न खाली उतरतं ते सालीतून. ते वरच अडलंय, बघ, सूज आलीय. खाली मुळं उपाशी. आधी मुळं मरतील, मग झाड. आणि तू म्हणशील, आपोआप वाळलं."

पोपट काउंटर पुसू लागला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"तुम्हीच शिकवलं होतंत, बाई."

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं त्यांना. वर्षानुवर्षं फळ्यावर खोडाचा काप काढला. पाण्याच्या नळ्या निळ्या खडूनं, अन्नाच्या लाल. झाड जगतं कसं, ते सांगायला. या गधड्यानं त्यातून मारायचं कसं, तेवढंच उचललं. सगळ्या पुस्तकातली ही एकच गोष्ट त्याला समजली होती.

"बाहेर ये."

"गिऱ्हाईक आहे, बाई."

"मग त्याच्यासमोर बोलू?"

तो बाहेर आला. बाईंनी त्याला त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापायला लावल्या, पानं काढायला लावली. अन्न खाली उतरावं म्हणून उघड्या लाकडावरून पूल बांधायचा होता. काडीचं एक टोक वरच्या सालीखाली, दुसरं खालच्या.

"साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ ओला थर असतो. नवी वाढ तिथूनच होते. काडीचा थर खोडाच्या थराला भिडला पाहिजे. आणि ही उलटी लावलीस. बुडखा खाली, शेंडा वर. परीक्षेतही बाण उलटेच काढायचास."

"पास केलंत ना पण."

"तिथंच चुकलं माझं."

टोकांवर मेण लावून झालं तेव्हा पोपटाचा शर्ट चिकानं माखला होता. बाईंना त्याची जराही कीव आली नाही.

काड्या धरल्या की नाही, ते अजून कळलेलं नाही. बाई रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसतात, तोंड दुकानाकडे. गिऱ्हाईक थबकून विचारतं, "झाडाला काय झालं हो?"

"याला विचारा," बाई म्हणतात.

"ती साल जरा..." पोपट म्हणतो.

"वाक्य पूर्ण कर."